पेपर शेवटी निवडा: कृष्णधवल डार्करूमसाठी कागद घेण्याचा नेमका क्रम

‘आजोबा वापरायचे तो कागद आता कुठे मिळेल?’ बडोद्यात कुणी नव्यानं डार्करूम लावली की पहिला प्रश्न हाच असतो. तो कागद मिळत नाही हे कळलं की नावानं जवळचं वाटेल ते शंभर कागदांचं पाकीट मागवलं जातं. पंधरा दिवसांनी फोन येतो: प्रिंट राखाडी येतात, काळा बसत नाही, कागदच खराब निघाला.

कागद क्वचितच खराब असतो, चुकलेला असतो तो क्रम. आधी दिवा, पाणी आणि निगेटिव्ह तपासायचं, मग थोडेच कागद घेऊन चाचणी करायची आणि मोठी खरेदी सगळ्यात शेवटी. पूर्वी गल्लीतल्या दुकानात ‘नॉर्मल’ किंवा ‘हार्ड’ म्हटलं की पाकीट मिळायचं, चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुसरं आणता यायचं. आता कागद परदेशातून येतो, महाग पडतो, यायला वेळ लागतो. म्हणून चूक खरेदीच्या आधीच पकडायला हवी.

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करा. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ गेला, कोडॅकनं २००५ मध्ये कृष्णधवल कागद बनवणं थांबवलं, हंगेरीची फोर्टे २००७ मध्ये बंद पडली. त्यांचे उरलेसुरले बॉक्स शोधत फिरण्यात वेळ घालवू नका. नियमित मिळणारे कागद मुख्यतः दोन घरांचे आहेत: इंग्लंडमध्ये हारमन बनवते ते इलफर्ड आणि केंटमेअर, आणि चेक प्रजासत्ताकातल्या फोमाचे. निवड बहुतेक याच दोघांत करायची आहे.

टप्पा १: प्रिंट कशासाठी हवी, ते एका ओळीत लिहा

‘चांगला कागद हवा’ हे उत्तर नाही. ‘घरच्या निगेटिव्हचे ८×१० चे वीस प्रिंट, अल्बमसाठी’ हे उत्तर आहे. ‘प्रदर्शनासाठी फ्रेममध्ये लावायचे सहा’ किंवा ‘मॅट कागद, वर हातानं रंग भरायचा आहे’ हीसुद्धा उत्तरंच.

या ओळीवरून पहिला फाटा ठरतो: आरसी की फायबर. आरसी कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा थर असतो. एका मिनिटात डेव्हलप होतो, दोन मिनिटांत धुऊन निघतो, सपाट वाळतो. फायबर म्हणजे जुन्या वळणाचा, बेरियम सल्फेटच्या थरावर इमल्शन चढवलेला. त्याला प्रत्येक टप्प्यावर वेळ लागतो, पाणी जास्त लागतं आणि वाळताना तो वाकतो. पण टोनिंग (प्रिंटची झाक बदलणं), स्पॉटिंग (बारीक डाग भरणं), हातानं रंगवणं आणि टिकाऊपणा यांसाठी तोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. शिकताना, कॉन्टॅक्ट शीटसाठी आणि चाचण्यांसाठी मात्र आरसीच घ्या.

जुन्या प्रकारांना आजचे पर्याय साधारण असे आहेत. सिंगल वेट ग्लॉसी ब्रोमाइडच्या जागी मल्टिग्रेड आरसी ग्लॉसी, किंवा जाड फायबर चालत असेल तर इलफर्डचा मल्टिग्रेड एफबी क्लासिक. उबदार तपकिरी झाक देणाऱ्या क्लोरोब्रोमाइडच्या जागी फोमाटोन किंवा इलफर्डचा वॉर्मटोन. फोमाटोनला नेहमीच्या इलफर्डपेक्षा बराच जास्त एक्स्पोजर लागतो, तेव्हा जुन्या वेळा वहीतून उचलून वापरू नका. कॉन्टॅक्ट प्रिंटिंगचे (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापायचे) मंद क्लोराइड कागद फारच थोडे उरले आहेत, अ‍ॅडॉक्सचा ल्यूपेक्स त्यातला एक. तो एनलार्जरखाली (निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) वापरण्यासाठी नाही, त्याला भरपूर उजेड लागतो. रेशमी पोताचे, जाळीचे कागद विसरा आणि सपाट मॅट घ्या.

खबरदारी: एकाच कंपनीचे आरसी आणि फायबर नावानं सारखे असले तरी वेळ आणि काँट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला फरक) सारखे नसतात. आरसीवर काढलेली वेळ फायबरला लावून कागद वाया घालवू नका.

टप्पा २: निगेटिव्ह लाइट बॉक्सवर ठेवून तीन ढीग करा

पूर्वी सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड (कमी ते जास्त काँट्रास्टची) अशी वेगवेगळी पाकिटं ठेवायला लागायची. ठरावीक ग्रेडचे कागद आता फार कमी राहिलेत, आणि मल्टिग्रेड घेतला की फिल्टर बदलून एका पाकिटात सगळे ग्रेड येतात. पण तुमच्या निगेटिव्हना कोणता ग्रेड लागणार ते आधी कळलेलं बरं.

लाइट बॉक्स नसेल तर मोबाइलचा पांढरा स्क्रीन आणि वर बटर पेपर चालतो. पहिला ढीग: सावल्यांत तपशील आहे आणि उजेडाच्या भागातून पलीकडचं छापील अक्षर जेमतेम दिसतं, हे नॉर्मल. दुसरा: सगळं एकसारखं करडं, हे फिके, यांना हार्ड ग्रेड लागणार. तिसरा: काही भाग अगदी पारदर्शक तर काही ठार काळे, यांना सॉफ्ट.

बडोद्याच्या घरांमधून निघणाऱ्या जुन्या निगेटिव्हमध्ये तिसरा ढीग मोठा असतो. वाड्याच्या चौकात दुपारच्या उन्हात काढलेले फोटो, पांढरी नऊवारी आणि मागे काळोखा ओटा. अशा निगेटिव्हना ठरावीक तीन नंबरचा जुना कागद घेणं म्हणजे चेहरा पांढराफटक करून घेणं. मल्टिग्रेड आणि ० किंवा १ चा फिल्टर, हेच त्यांचं औषध.

टप्पा ३: सेफलाइटची नाणेचाचणी

सगळ्यात जास्त कागद इथे जातो, म्हणून सविस्तर सांगतो.

मी पहिल्यांदा मल्टिग्रेड आणला तेव्हा माझ्याकडे फिका पिवळा सेफलाइट (डार्करूममधला मंद रंगीत दिवा) होता. त्याच्याखाली ग्रेडेड ब्रोमाइड कागदावर वर्षानुवर्षं काम केलं होतं, कधी तक्रार नव्हती. नव्या कागदावर मात्र प्रत्येक प्रिंटमध्ये पांढरं मळकट येऊ लागलं. मी डेव्हलपर बदलला, फिल्टर बदलला, एक्स्पोजर कमी केला. पंचवीसमधले सतरा कागद गेल्यावर, अठरावा बोर्डावर विसरून मी दार उघडायला गेलो. परत येऊन तो तसाच डेव्हलप केला, तर त्यावर मी ठेवलेल्या कात्रीची पांढरी आकृती उमटली होती. एनलार्जर बंदच होता. कात्रीच्या भोवतीचा कागद त्या पिवळ्या दिव्यानंच काळवंडला होता.

कारण सोपं आहे. जुना ब्रोमाइड कागद मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देतो. मल्टिग्रेडमध्ये निळ्याबरोबर हिरव्याला प्रतिसाद देणारं इमल्शनही (प्रकाश पकडणारा थर) असतं, त्याशिवाय ग्रेड बदलताच येणार नाही. फिक्या पिवळ्या दिव्यातून हिरवा प्रकाश येतो आणि कागद तो पकडतो.

चाचणी अशी करा (मल्टिग्रेडचा कागद अजून हाती नसेल तर टप्पा ६ मधल्या लहान पाकिटातला पहिला कागद यासाठी वापरा):

१. सगळे दिवे बंद. कागदाच्या पट्टीला एनलार्जरखाली इतकाच एक्स्पोजर द्या की डेव्हलप केल्यावर फिकी राख येईल. किती ते आधी दुसऱ्या तुकड्यावर शोधून ठेवा.

२. ती पट्टी तुम्ही प्रत्यक्ष काम करता त्या जागी ठेवा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि सेफलाइट लावा.

३. पाच मिनिटांनी सेफलाइट बंद करा, नाणं काढा, अंधारातच डेव्हलप आणि फिक्स करा.

४. उजेडात बघा. नाण्याचा गोल फिका दिसला तर तुमचा दिवा सुरक्षित नाही.

सुरुवातीचा तो फिका एक्स्पोजर टाळू नका. कोऱ्या कागदावर दिव्याचा परिणाम लवकर दिसत नाही. थोडा प्रकाश लागलेल्या कागदावर तो लगेच दिसतो, आणि प्रिंटमधले उजळ भाग याच अवस्थेत असतात.

उपाय: गडद लाल दिवा, १५ वॉटपेक्षा मोठा नको, कागदापासून किमान चार फूट. सजावटीचा लाल एलईडी चालेलच असं नाही. लाल रंग फासलेला पांढरा एलईडी तर मुळीच नको. कुठलाही लावा, पण नाणं ठेवून बघा.

टप्पा ४: एनलार्जरचा बल्ब आणि फिल्टर

दुधी काचेचे एनलार्जर बल्ब मिळेनासे झाल्यानं बरेच जण घरगुती पांढरा एलईडी लावतात. चालतो, पण त्याच्या प्रकाशात निळ्या-हिरव्याचं प्रमाण जुन्या बल्बपेक्षा वेगळं असतं. मग २ नंबरचा फिल्टर २ नंबरचाच परिणाम देईल असं नाही. त्यात वाईट काही नाही. ज्या बल्बवर पुढे काम करणार, त्याच बल्बवर चाचणी करा आणि मधे बदलू नका.

मल्टिग्रेडचे फिल्टर ०० पासून ५ पर्यंत असतात. पिवळसर मऊ करतो, किरमिजी (मॅजेंटा) कडक करतो. एनलार्जरला फिल्टरचा खण असेल तर वर ठेवा. नसेल तर लेन्सखालच्या लाल काचेच्या जागी बसवता येतो, पण मग त्यावर बोटाचा ठसा किंवा ओरखडा चालत नाही. कलर हेड असेल तर वेगळे फिल्टर लागतच नाहीत, पिवळ्या आणि मॅजेंटाच्या चकत्या फिरवा.

तपासा: इलफर्डच्या फिल्टरमध्ये ०० ते ३½ पर्यंत वेळ साधारण तीच राहते, ४ पासून पुढे दुप्पट करावी लागते. ‘५ नंबर लावला की प्रिंट फिकी येते’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

टप्पा ५: पाणी आणि रसायनं

शहराच्या काही भागांत महीचं पाणी येतं, काहींत आजव्याचं, आणि सोसायट्यांत बोअरचं मिसळलेलं. बोअरचं पाणी जड असेल तर डेव्हलपर गढूळ होतो आणि वाळलेल्या प्रिंटवर पांढरी साय दिसते. डेव्हलपरपुरतं आरओचं पाणी घ्या, बाकी सगळ्याला नळाचं चालतं.

तयार डेव्हलपर मिळत नसेल तर डी-७२ घरी बनतो. एक लिटरसाठी मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, निर्जल सोडियम कार्बोनेट ६८, पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. पाऊण लिटर पाणी ५० अंशांपर्यंत कोमट करा, चिमूटभर सल्फाइट टाका, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट आणि पुढचं याच क्रमानं, शेवटी पाणी घालून लिटर करा. सल्फाइट आधी ओतलंत तर मेटॉल विरघळत नाही. वापरताना एक भाग डेव्हलपर, दोन भाग पाणी.

खबरदारी: कार्बोनेट म्हणजे खाण्याचा सोडा नव्हे. खाण्याच्या सोड्यानं प्रिंट उमटतच नाही. वाण्याकडचा धुण्याचा सोडाही नको, त्यात पाणी किती आहे ते सांगता येत नाही. रसायनांच्या दुकानातून निर्जल घ्या. मेटॉलनं हातांना खाज सुटते, म्हणून चिमटा किंवा हातमोजे हवेत. ट्रे, मापं स्वयंपाकघरातली वापरू नका.

स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण): लिटरभर पाण्यात ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड १५ मिली, अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. हायपो (प्रिंट पक्की करणारा साधा फिक्सर) ताजा हवा. जुन्या हायपोत पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचे दोन-चार थेंब टाका. पिवळट गढूळपणा आला आणि हलवूनही गेला नाही, तर ओतून द्या.

मे महिन्यात टाकीचं पाणी इतकं तापतं की २० अंश गाठण्याचा हट्ट धरू नये. २५ वर स्थिर राहा. डेव्हलपरच्या ट्रेखाली मोठा ट्रे, त्यात पाणी आणि गोठवलेली बाटली. बर्फ डेव्हलपरमध्ये घालू नका. तापमान हललंच तर चित्र पहिल्यांदा उमटायला किती सेकंद लागले ते मोजा. चांगल्या प्रिंटला १२ सेकंदांत उमटलं आणि एकूण ९० सेकंद दिले, म्हणजे साडेसात पट. आज ८ सेकंदांत उमटलं तर ६० सेकंद द्या.

टप्पा ६: आता थोडे कागद घ्या

टप्पा १ च्या ओळीला बसणारे दोनच कागद निवडा, प्रत्येकी पंचवीसचं लहान पाकीट. तीन-चार नकोत. तिसऱ्यापर्यंत पोचता पोचता पहिल्याचं काय झालं ते आठवत नाही. एखाद्या मित्राबरोबर पाकीट वाटून घेता आलं तर उत्तम, पण वाटणी काळ्या पिशवीत आणि लाल दिव्याखाली.

वारशानं आलेला बंद बॉक्स असेल तर तोही याच वेळी तपासा. पूर्ण अंधारात एक तुकडा एक्स्पोज न करता डेव्हलप आणि फिक्स करा, दुसरा नुसता हायपोत टाका. दोन्ही सारखे पांढरे असतील तर नशीब चांगलं. पहिला किंचित राखाडी असेल तर डेव्हलपरमध्ये लिटरमागे १ टक्का बेन्झोट्रायझोलचं १० मिली द्रावण घालून पुन्हा बघा. जास्त काळवंडला असेल तर मुलांना फोटोग्राम (कागदावर वस्तू ठेवून काढलेलं चित्र) शिकवायला ठेवा, महत्त्वाच्या निगेटिव्हला लावू नका. जुन्या मल्टिग्रेडचा काँट्रास्ट एकदा गेला की ५ नंबरचा फिल्टरही तो परत आणत नाही. जुने ठरावीक ग्रेडचे कागद त्या मानानं बरे टिकतात.

टप्पा ७: तीन प्रिंटची चाचणी

पहिली, काळ्याची. डेव्हलप झालेल्या फिल्मचा कोरा, पारदर्शक तुकडा एनलार्जरमध्ये लावा. उंची तुमच्या नेहमीच्या मापाची, लेन्स एफ ८, फिल्टर २. पट्टीवर ५, ७, १०, १४, २०, २८ सेकंद असे सहा भाग पाडा. सबंध पट्टीला ५ सेकंद द्या, एक भाग झाका, मग २, ३, ४, ६, ८ सेकंद देत एकेक भाग झाकत जा. पट्टी वाळल्यावर बघा: ज्या भागापुढे काळं आणखी गडद होत नाही, ती तुमची मूळ वेळ. ओल्या पट्टीवर हा निर्णय घेऊ नका.

दुसरी, उजेडाची. त्याच वेळेवर, त्याच उंचीवर नॉर्मल ढिगातलं निगेटिव्ह २ नंबरनं छापा. सावल्या बसलेल्याच असतील, नजर उजळ भागावर ठेवा. साडीचा पोत गेला, नुसता कागद उरला, तर फिल्टर कमी करा. सगळं धुरकट असेल तर वाढवा. आकडा वहीत लिहा.

तिसरी, तुमचं सगळ्यात अवघड निगेटिव्ह. त्यावर कागद कुठपर्यंत साथ देतो ते कळतं. फोमा आणि इलफर्ड यांच्यातला फरक मला नेहमी इथेच दिसतो, ०० आणि ५ च्या टोकांना.

खबरदारी: कागद डेव्हलपरमधून लवकर काढू नका. लाल दिव्यात प्रिंट आहे त्यापेक्षा काळी दिसते, घाबरून तिसाव्या सेकंदाला उचलली जाते, आणि मग काळं चिखलासारखं येतं. आरसीला पूर्ण एक मिनिट, फायबरला दोन. गडद आली तर एक्स्पोजर कमी करा, डेव्हलपिंग नाही.

टप्पा ८: धुऊन, वाळवून मगच निकाल

आरसी दोन मिनिटं वाहत्या पाण्यात, त्याहून फारच जास्त वेळ भिजवत ठेवलात तर कडा उकलू शकतात. फायबरला तासभर नळ सोडायची गरज नाही. पाच मिनिटं धुवा, लिटरला २० ग्रॅम सल्फाइटच्या पाण्यात दहा मिनिटं हलवत ठेवा, मग पुन्हा धुवा. रॅपिड फिक्सर एक मिनिट वापरला असेल तर शेवटची पाच मिनिटं पुरतात. साध्या हायपोत दहा मिनिटं ठेवला असेल तर ट्रे भरून-ओतून अर्धा तास द्या.

वाळवायला मच्छरदाणीच्या जाळीची चौकट, फायबर पालथा, आरसी उताणा. पावसाळ्यात फायबरला दोन दिवस लागले तरी हेअर ड्रायर लावू नका.

खबरदारी: जुन्या स्टुडिओतला गरम ग्लेझर (प्रिंट वाळवून चकाकी देणारं यंत्र) फक्त फायबरसाठी. आरसी त्यावर घातला तर प्लॅस्टिक वितळून चकचकीत पत्र्याला चिकटतं. प्रिंट जातेच, पत्राही जातो. कोणता कागद आहे कळत नसेल तर कोपरा फाडा, प्लॅस्टिकची पापुद्री ताणली गेली तर आरसी.

फायबर वाळल्यावर किंचित गडद होतो. ओली प्रिंट अगदी मनासारखी दिसत असेल तर एक्स्पोजर पाच ते दहा टक्के कमी करून आणखी एक काढा. दोन्ही वाळवून दिवसाउजेडी, खिडकीपाशी शेजारी ठेवून बघा, ट्यूबलाइटखाली नाही.

टप्पा ९: आता मोठी खरेदी

दोनांतला एक ठरवा आणि वर्षभर तोच वापरा. मागवताना मार्च ते जूनमध्ये मागवू नका. पार्सल तापलेल्या गोदामात आणि टेम्पोत किती दिवस पडून राहील ते तुमच्या हातात नसतं. दिवाळीनंतर मागवा.

घरात फ्रिजमध्ये ठेवा, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, मसाल्यांपासून दूर. वापरायच्या आदल्या रात्री बाहेर काढा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. गार कागदावर पाणी धरतं आणि कागद एकमेकांना चिकटतात.

पाकिटावर मार्करनं लिहा: आणल्याची तारीख, बॅच नंबर, मूळ वेळ, कोणत्या बल्बवर काढली, नॉर्मल निगेटिव्हला लागलेला फिल्टर. नवं पाकीट उघडलं की काळ्याची पट्टी पुन्हा काढा. नाव तेच असलं तरी बॅच बदलली की वेळ थोडी सरकते, आणि ते पहिल्या पट्टीतच कळलेलं बरं.